बोरडोहच्या तलावावरची गिनती

पोस्टकार्ड धोंडबाने स्वतःच लिहिलं. शाळा दुसरीपर्यंत, त्यातली अर्धी मास्तरांच्या बैलांना चारा घालण्यात गेलेली, त्यामुळे तीन ओळींना सकाळची दुपार झाली. 'मनोहरराव साहेब यास. तुमचं गुलाबी डोस्क्याचं बदक बोरडोहच्या तलावात फिरून आलं आहे. संक्रांतीच्या हप्त्यात या. धोंडबा धीवर.' पत्ता तेवढा सावनेरच्या पोस्टातल्या बाबूकडून लिहून घेतला आणि कार्ड पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच तो माघारी वळला.

गावाला नवल वाटलं. कारण या पाखरंवाल्यांचा धोंडबाला मनस्वी तिटकारा. पासष्टी उलटलेली, गुडघे गेलेले, पण नागपूरची मोटार तलावाच्या पाळीवर थांबली की म्हातारा दुरूनच शिव्या मोजायला लागायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं. ही शिकलेली माणसं गळ्यात दुर्बीण अडकवून येतात. चार-चार तास डोंग्यात बसतात. एकेका पाखराची तीन-तीन नावं पाठ, एक मराठी, एक इंग्रजी आणि एक कुणाच्याच मायच्या तोंडात नसलेल्या भाषेतलं. आणि ज्याने दिवसभर बांबू मारून हातांची सालं काढली, त्याला उतरताना विचारतात, "तुमचं नाव काय म्हणालात?" अरे, म्हणालो कुठे? विचारलं कधी?

पण खरा राग याहून जुना होता. बारा वर्षांचा.

चौसष्ट सालच्या पौषात हेच मनोहरराव बोरडोहला आले होते. तेव्हा ते नागपूरच्या कॉलेजात शिकवायचे, शनिवारी पोरांना सक्करदऱ्याच्या तळ्यावर नेऊन पाखरं दाखवायचे, आणि सोबत बारा बोअरची बंदूक ठेवायचे. पाखरू दुर्मीळ असलं तर ते मारून, पेंढा भरून मुंबईला पाठवायचं, अशी त्यांच्यातली रीत. तलावावर बंदूक चालवायला मनाई होती. पण मनाई कोणासाठी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी त्यांचा डोंगा धोंडबाच्या धाकट्या भावाने मारला. रुपराव त्याचं नाव. तीस वर्षांचा गडी, पाण्यात पाणमांजर, आणि हौशी किती! बायकोने म्हणजे भीमाबाईने सावनेरच्या बाजारातली पुडी आणून त्याचा दुपट्टा घरीच गुलाबी रंगवून दिला होता. कच्चा रंग. घाम आला की कान गुलाबी, पाऊस आला की मान गुलाबी. गडी चिडवायचे, पण पठ्ठ्या तो दुपट्टा डोक्यावरून काढायचा नाही.

सकाळी दाट धुई होती, हातभरावरचं दिसू नये असं धुकं. रुपरावने साहेबांना तलावाच्या मधल्या टेकाडावर उतरवलं, थंडी फार आहे, चहा घेऊन येतो म्हणाला आणि डोंगा घेऊन धुईत गेला. गेला तो गेलाच. मध्यंतरी बंदुकीचा एक बार पाळीवर ऐकू आला होता. दुपारी रिकामा डोंगा शिंगाड्याच्या वेलांत अडकलेला सापडला. आत आल्याच्या चहाची किटली, झाकण लावलेली, गार झालेली. टेकाडावरून साहेबांना धोंडबानेच आणलं. रूप कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, "चहा आणायला गेला, परत आलाच नाही." हात लटलट कापत होते. धोंडबाला वाटलं थंडीने.

तीन दिवस जाळी टाकली. प्रेत मिळालं नाही. पोलिसाने साहेबांचा जबाब घेतला, खुर्ची देऊन. धोंडबाचाही घेतला, उभ्याने. कागदावर लिहिलं, 'बेपत्ता'. मग गावाच्या जिभेला हाड कुठलं? कोणी म्हणालं खाणीत कामाला पळाला, कोणी म्हणालं कामठीत दुसरी बाई ठेवली. चहाची किटली घेऊन कोणी दुसऱ्या बाईकडे पळतो का रे भाड्यांनो, असं धोंडबा चौकात ओरडला होता. लोक हसले होते.

आणि तीन महिन्यांनी शाळेच्या मास्तरांनी त्याला एक मासिक वाचून दाखवलं. त्यात मनोहररावांचा लेख. बोरडोहच्या तलावात त्यांनी गुलाबी डोक्याचं बदक पाहिलं, बार टाकला, पक्षी बुडाला, हाती लागला नाही. संख्या एक. हिंदुस्थानात ते बदक तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. सगळी जातच मेली असावी असं मोठमोठ्यांचं मत. पाखराची शेपूट, चोच, मान, सगळ्यावर दीड पान. रुपरावबद्दल एक शब्द, 'नावाडी'. त्यातही तो बुडाला का जिवंत आहे याचा पत्ता नाही.

धोंडबाने मनात बांधलं ते एवढंच. साहेबांचं पाखरू पाण्यात पडलं, ते आणायला रूप उतरला आणि वेलांत गुंतून मेला. साहेबांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि बंदूक लपवण्यासाठी जबाबात गाळलं. हे त्यांनी लिहून द्यावं. बस. त्याला फाशी नको होती, भरपाई नको होती. कागद हवा होता.

कारण भीमाबाई. बारा वर्षं ती त्याच्याच आवारात, शेजारच्या खोलीत राहत होती. कपाळावर कुंकू ठसठशीत, कारण नवरा मेल्याचा कागद नाही. संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला निघाल्या की तिच्या दारावरून पुढे जायच्या. सवाष्ण म्हणावी तर नवरा कुठे आहे, रांड म्हणावी तर कुंकू कसं आहे. एखादीने वाण दिलंच तर उंबऱ्यावर ठेवून हात मागे घ्यायची. धोंडबाला ते बघून आग व्हायची. माणूस एक तर जिवंत असतो नाही तर मेलेला. तिसरी जात या गावाने काढली, फक्त भीमासाठी.

आणि आता, एवढ्या वर्षांनी, शेवटचे शिंगाडे तोडून आलेली भीमाबाई चौकटीआडून, पदर पुढे ओढून म्हणाली होती, "दादाजी, वेलात मले गुलाबी डोस्कं दिसलं. धुईत. दोन खेप दिसलं."

"पाखरू?"

तिने शिंगाड्यांची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमी पाखरू म्हणता तं पाखरू."

धोंडबा त्याच दिवशी कार्ड घ्यायला गेला. गळाला आमिष लागलं होतं.

*

पहिल्या एसटीतून मनोहरराव उतरले तेव्हा धोंडबाने त्यांना ओळखलंच नाही. रिटायर झालेले, गाल आत गेलेले, अंगावर मोठा कोट. बंदूक नव्हती. सोबत चारुलता नावाची बाई होती, पंचविशीची, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी आणि आता स्वतः कॉलेजात शिकवणारी. तिने धोंडबाला नमस्कार केला आणि नाव विचारलं. आधीच विचारलं, याने म्हातारा जरा गोंधळला.

मनोहररावांनी मात्र घाई लावली. बदक कुठे दिसलं, कोणी पाहिलं, नक्की डोकं गुलाबी होतं ना, मानही गुलाबी होती ना. हे विचारताना त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते पाखराच्या हौशीचं नव्हतं. तापाने फणफणलेला माणूस पाणी मागतो तसं ते विचारत होते. धोंडबाने आपलं पुढे बोट दाखवलं.

तलावावर तशीच धुई होती. पाळीच्या बेशरमाच्या झुडपांवरून थेंब टपकत होते. डोंगा पाण्यात लोटताना धोंडबाने एकच गोष्ट सांगितली. पाण्यावर गिनती करायची नाही. मासे असोत, शिंगाडे असोत, माणसं असोत, काठावर आल्यावर मोजा. धीवरांची ही बापजाद्यांपासूनची चाल. डोंग्यात किती जण आहेत असं काठावरून कोणी विचारलं, तर नावाडी आकडा सांगत नाही. 'आहेत तितके आहेत' म्हणतो.

"काहून पण?" चारुलताने त्याच्याच बोलीत विचारलं. तिचं आजोळ काटोलकडचं होतं.

"पाण्यावर बोललेला आकडा तलाव पुरा करते, बाई. आकड्याहून कमी असले तं भरते. जास्त असले तं नेते."

मनोहरराव हसले. आम्ही मोजायलाच आलो आहोत, असं म्हणून त्यांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या. एक नवी. दुसरी जुनी, कापडी पुठ्ठ्याची, कोपरे खाल्लेली. ती वही धोंडबाने लगेच ओळखली. बारा वर्षांपूर्वी टेकाडावरून येताना साहेबांनी ती छातीशी धरली होती, माणूस लेकरू धरतो तशी. त्याची कानशिलं तापली. पण तो काही बोलला नाही. पाणी खोल होऊ दे म्हणाला मनाशी.

डोंगा निघाला. धोंडबा मागे उभा राहून बांबू मारत होता, चारुलता पुढे, मनोहरराव मधे. धुईतून आधी आवाज यायचे, मग पाखरं. टिटवी ओरडून गेली. अडई शीळ घालत डोक्यावरून गेल्या. चिखलाच्या जिभेवर तलवार बदकं बसलेली दिसली, तशी दोघांनी दुर्बिणी लावल्या आणि ओठ हलायला लागले.

"एकतीस," मनोहरराव म्हणाले.

"माझी बत्तीस येतात, सर."

पुन्हा मोजली. पुन्हा तेच. धोंडबाने पाण्यात थुंकून घेतलं आणि बांबू जोरात मारला. पुढे चांदवे होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा. साहेबांचे एकोणीस, बाईंचे वीस. चक्रवाक तर मोकळ्या पाण्यावर नऊच होते, लहान पोरही चुकणार नाही. चारुलताने दहा लिहिले, मग लिहिलेल्या आकड्याकडे बघत बसली.

"एक कडेला असतो," ती हळूच म्हणाली. "मी मोजते तेव्हा असतो. नंतर नसतो."

धुईमुळे होतं तसं, असं मनोहरराव म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

धोंडबाचा राग आता गुडघ्यांपर्यंत उतरला. सांगितलं होतं. चांगलं काठावर सांगितलं होतं. पण यांच्या पुस्तकात जे नाही ते जगात नाही. बारा वर्षांपूर्वीही असंच मोजलं असेल. एक, दोन, तीन करत. आणि माझ्या भावाच्या जागी शून्य.

दहाच्या सुमाराला धुई विरली. विरली म्हणजे एकदम, कोणी फडकं ओढून घ्यावं तशी. ऊन पडलं, तलावभर लख्ख. आणि त्याबरोबर सगळे आवाज थांबले. शेकडो पाखरं पाण्यावर होती, पण एकाचाही कंठ फुटत नव्हता. बांबूवरून निथळणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. धोंडबाचा जन्म या तलावावर गेला, पण भरउन्हात असा मुका झालेला तलाव त्याने पाहिला नव्हता.

डोंगा शिंगाड्याच्या वेलांपाशी आला. तोडणी झालेली, पानं कुजायला लागलेली. कुजक्या पानांचा वास यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या खालून दुसराच एक वास आला. धोंडबाने नाक वर केलं. आल्याचा चहा. नुकता चुलीवरून उतरवल्यासारखा, भर तलावात, जिथून काठ चारी बाजूंनी अर्ध्या कोसावर.

"सर..." चारुलता म्हणाली. तिने दुर्बीण लावली नव्हती, नुसतं बोट केलं होतं.

वेलांच्या पलीकडे, साठ-सत्तर हातांवर, पाण्यातून काहीतरी गुलाबी वर आलेलं होतं. स्थिर. मग ते सावकाश पानाआड गेलं आणि थोडं पुढे पुन्हा दिसलं.

मनोहररावांच्या तोंडातून हुंदका बाहेर पडला. "आहे," ते म्हणाले. "देवा, आहे. जवळ घ्या धोंडबा. जवळ घ्या. चारू, तूही बघ, तू साक्षी आहेस, बदकच आहे ना ते?"

धोंडबाने बांबू गाळात रोवला आणि डोंगा जागच्या जागी धरला.

"आधी लिवा."

"काय लिहू?"

"माया भाऊ कसा मेला थे लिवा. तुमचं पाखरू आणाले उतरला अन् बुडाला. थ्या जुन्या वहीत लिवा, खाली सही करा. मंग नेतो जवळ. नाही तं इथीसाच उभा राहतो, आंधार पडेपर्यंत."

चारुलताने वळून सरांकडे पाहिलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धोंडबाने तिला थोडक्यात सांगितलं, बोचरं सांगितलं. किटलीचं सांगितलं, उभ्याने दिलेल्या जबाबाचं सांगितलं, दारावरून पुढे जाणाऱ्या हळदीकुंकवाच्या बायकांचंही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढला नाही. एवढी वर्षं चौकात ओरडून तो आवाज संपला होता, आता उरलं होतं ते थंड आणि धारदार.

मनोहरराव ऐकतच नव्हते. ते दुर्बिणीतून बघत होते. दुर्बीण हळूहळू खाली आली.

"तो पाखरू आणायला उतरला नव्हता, धोंडबा," ते म्हणाले.

"मंग?"

"तो पाखरं माझ्याकडे हाकलायला उतरला असावा. मी सांगितलं नव्हतं. चहा घेऊन येता येता... मला आवडेल म्हणून. गळ्याइतक्या पाण्यातून, हळूहळू. मला ठाऊक नव्हतं तो पाण्यात आहे. धुई होती. मला फक्त..." त्यांनी गुलाबी ठिपक्याकडे हात केला. "मला फक्त एवढंच दिसलं. पाण्याच्या वर गुलाबी डोकं. तीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. मी बार टाकला."

धोंडबाने बांबू गाळात आणखी खोल दाबला.

"अन् कळलं कवा तुमाले?"

मनोहररावांनी दुर्बीण गळ्यातून काढून डोंग्याच्या तळाशी ठेवली. चहाचा वास आता घशात उतरत होता.

"बदक 'माय वं' म्हणत नाही," ते म्हणाले.

धोंडबाला वाटलं, आता बांबू उचलावा आणि या म्हाताऱ्याच्या टाळक्यात घालावा. बारा वर्षांचा राग, एकच घाव. त्याने बांबू उचललाही. पण समोरचा माणूस डोकं खाली घालून तसाच बसला होता, घालाच म्हणत असल्यासारखा. मनोहरराव सांगत होते, रोज रात्री ते मनाला समजवायचे की ती हाक दुसऱ्या कोणाची असेल, काठावरची असेल. खरंच तसलं एक पाखरू इथे असलं, एकच, तर आपण पाखरूच मारलं असेल. त्यासाठी लेख लिहिला. त्यासाठी आज धावत आलो. पाखरू खरं असलं तर मी सुटलो, धोंडबा.

"तुमी सुटायसाठी माया भाऊ पाखरू झाला," धोंडबा म्हणाला. "बारा वर्सं."

मग चारुलता बोलली. तिने सरांच्या मांडीवरची जुनी वही उघडली, चौसष्ट सालचं पान काढलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "लिहा, सर," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून धोंडबाला पहिल्यांदा वाटलं, शिकलेली असली तरी ही बाई आपल्याला कळते.

मनोहररावांनी गुलाबी डोक्याच्या बदकाच्या ओळीवर काट मारली. त्याखाली लिहिलं, मोठ्याने म्हणत, म्हणजे धोंडबालाही कळावं. की या दिवशी, या जागी, रुपराव धीवर, राहणार बोरडोह, हा माझ्या बंदुकीच्या बाराने मेला, पक्षी नव्हता, जबाब मी खोटा दिला. सही केली. चारुलताने साक्षीदार म्हणून सही केली. धोंडबाने मान हलवली. झालं. संपलं एकदाचं.

पण पाखरंवाल्यांच्या वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना असतो. संख्येचा. चाळीस वर्षांची सवय. मनोहररावांचा हात आपणहून त्या रकान्याकडे गेला, आणि ओठांनी आकडा उच्चारला.

"माणूस, एक."

धोंडबाला आकडे वाचता येत होते. त्याने तो पाहिला, ऐकला, आणि काय झालं ते त्याला उमगलं. पाण्यावर लिहवून घ्यायची अट त्यानेच घातली होती. गिनती करू नका असं दुसऱ्यांना बजावणाऱ्याने स्वतःच, रागाच्या भरात, भर तलावात भावाची गिनती करवून घेतली होती.

वेलांच्या पलीकडे आता गुलाबी काही नव्हतं.

"चला," तो म्हणाला. "चला काठावर."

त्याने बांबू लावला आणि डोंगा निघेना. निघाला तो जड निघाला. नावाड्याला वजन पायांतून कळतं, त्याला तराजू लागत नाही. येताना डोंग्याचा काठ पाण्यापासून वीतभर वर होता. आता चार बोटं होता. एका माणसाचं वजन. ते मागच्या बाजूला होतं, धोंडबाच्या टाचांमागे, जिथे हातभर मोकळी जागा असते. तिथून चहाचा वास येत होता. आणि थेंब पडत होते, ओल्या कपड्यातून निथळतात तसे, एकाच जागी.

धोंडबाने मागे पाहिलं नाही. चारुलता पुढे तोंड करून बसली होती, तिला काही दिसणं शक्य नव्हतं. पण मनोहरराव लिहिताना वळले ते मधल्या जागेवर तसेच उलटे बसले होते, धोंडबाकडे तोंड करून. ते धोंडबाकडे बघत नव्हते. त्याच्या कमरेच्या बाजूने मागे बघत होते. पापणी लवत नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही हात जोडले आणि काठ येईपर्यंत सोडले नाहीत.

काठावर भीमाबाई उभी होती. तिने भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर ओढायचा तसा पदर ओढला, मग त्याच पदराआडून डोंग्याकडे बघत राहिली. तिघं उतरले. डोंगा रिकामा झाला की उचलला जातो, हलका होऊन डुलतो. हा डोंगा उचलला गेला नाही.

धोंडबाने वहीचं पान तिला वाचून दाखवलं, अडखळत. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "पाण्यावर लिवलं?"

"हो."

"आकडा टाकला?"

धोंडबाने वही मिटली. भीमाबाई घरात गेली, एक सुकं धोतर घेऊन आली आणि डोंग्याच्या मागच्या बाजूला घडी करून ठेवलं. कोणाकडेही न बघता परत गेली.

*

मनोहररावांनी त्याच दिवशी सावनेरच्या ठाण्यात जाऊन जबाब बदलला. चारुलता सोबत होती. तिथल्या हवालदाराने आधी हसून घेतलं, एवढ्या वर्षांनी म्हातारा कशाला शेण खातो म्हणाला, मग लिहून घेतलं. पुढे उन्हाळ्यात मृत्यूचा कागदही आला, शिक्क्याचा. धोंडबाने तो चौकात नेऊन एकेकाच्या नाकासमोर धरला. कामठीची बाई काढणाऱ्यांच्या तर दोनदा धरला.

कागद आला तरी भीमाबाईने कुंकू पुसलं नाही. बायका चिडल्या. आता तर सरकारने सांगितलं, आता काहून, म्हणाल्या. ती काही सांगत नाही. धोंडबालाही कोणी विचारलं तर तो शिव्या देतो आणि विषय संपवतो.

एक तेवढं त्याने पाहिलेलं आहे. त्या संध्याकाळी डोंग्यावर ठेवलेलं सुकं धोतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नव्हतं. आणि भीमाबाईच्या खोलीसमोरच्या दोरीवर एक दुपट्टा वाळत घातलेला होता. तो निथळत होता, आणि खालची माती गुलाबी झाली होती. जवळ गेल्यावर दिसलं, दुपट्टा मधोमध बारीक बारीक भोकांनी चाळणीसारखा झालेला आहे. छर्ऱ्यांची भोकं.

तो दुपट्टा अजून त्या दोरीवर आहे. दोन उन्हाळे गेले, वाळत नाही. पाहायला येणारे येतात, तोंडावर हात ठेवतात आणि हटकून विचारतात की भोकं किती आहेत.

"आहेत तितकी आहेत," धोंडबा म्हणतो, आणि दोरीकडे पाठ करून बसतो.